डावखुरा फौजदार

सावदा,
शुक्रवार

प्रिय प्रेम्या,

‘प्रिय’ खोडलं होतं, पुन्हा लिहिलं. दुसरं काही सुचेना, आणि धाकट्या भावाला ‘श्री. प्रेमराज यांस’ असं लिहायला मी काही तलाठी नाही. पण म्हणून माझा राग गेलाय असं समजून बसू नकोस. सकाळी तोंड धुताना उजव्या कानाला हात लागतो आणि तुझा हात मुळापासून मोडावा असं मनात येतं. रोज येतं. तुझी वहिनी तर त्याहून पुढचं बोलत असते म्हणे, ते मला ऐकू येत नाही हे एका परीनं बरंच आहे. फोनवर बोलणं माझ्या नशिबातून गेलं. मोबाईलवर लिहून पाठवलं असतं, पण माझा मोबाईल तेजस हाताळतो आणि माझ्या पोराच्या नजरेला हे पडता कामा नये. पुना आज धुळ्याला लेकीकडे चाललाय. तुझाच सालदार, तुझं मीठ खाल्लेला, तुझ्याच हातात देईल. वाचून झालं की चुलीत घाल. तुझ्या मेव्हण्याच्या घरी गॅस असेल तर गॅसवर धर.

आधी मुद्द्याचं सांगून टाकतो, म्हणजे पुढचं तू बसून नीट वाचशील. तेजस तुझ्या जिवावर उठलाय. तरणी पोरं रागाच्या भरात बोलतात तसं हे नाही. तो बोलत असता तर मी एवढा घाबरलो नसतो. तो बोलायचा थांबलाय.

आता मागचं. वच्छलामावशीच्या गल्लीतला गणपती आठवतो? आबांनी आपल्याला एस.टी.त बसवून धुळ्याला पाठवलं होतं, तू केळीच्या वेफर्सची पिशवी मांडीवरून खाली ठेवायला तयार नव्हतास. गल्लीत आडवा पडदा बांधलेला, पुढं मुंगीला शिरायला जागा नाही, म्हणून मावशीनं आपल्याला पडद्याच्या मागच्या बाजूला नेऊन बसवलं. जो सिनेमा यायचा त्याची पेटीच आली नाही. मशीनवाल्यानं वेळ काढायला म्हणून कुठली तरी जुनी रिळं लावली, काळीपांढरी, आवाजाचा पत्ता नाही. लोकांनी आधी शिव्या घातल्या. कुणीतरी चप्पल फेकली, ती पडद्यावर आपटून खाली पडली आणि आपण मागून तिची सावली पाहिली. मग हळूहळू गल्ली गप्प झाली, आणि मग जी हसायला लागली ती शेवटपर्यंत थांबली नाही. मावशीचे यजमान, ज्यांना हसताना मावशीनंही पाहिलं नव्हतं म्हणे, ते ओट्यावर पोट धरून बसले होते.

एक काटकुळा माणूस, खांद्यावर लांबलचक शिडी, हातात खळीची बादली. गावभर भिंतींवर जाहिराती चिकटवत फिरायचा. आणि त्याच्या मागे एक पोटाळ पोलीस. मधेमधे इंग्रजी अक्षरं यायची, ती आपल्या बाजूनं उलटी दिसायची, आणि सुलटी असती तरी कोणाच्या बापाला वाचता येणार होती. म्हणून नावं आपणच ठेवली, तो शिडीवाला आणि हा फौजदार. शिडीवाला वळला की शिडीचं टोक कोणाच्या तरी टाळक्यात. तो बघायला मागे वळला की दुसरं टोक दुसऱ्याच्या. बिचाऱ्याला पत्ताच नाही. आणि ते बुटाच्या बंदाचं? फौजदार दंडुका उगारतो, आता बसलाच टाळक्यात, तोच शिडीवाला बंद बांधायला खाली वाकतो आणि दंडुका मागच्या साहेबाच्या उंच टोपीवर. पुन्हा उगारतो, पुन्हा बंद सुटतो. आपण वाचलो हे त्या शहाण्याला कळतसुद्धा नाही. तो उठतो, जरा धरा म्हणून बादली फौजदाराच्याच हातात देतो आणि शिडीवर चढतो. फौजदारही धरतो. त्या बादली धरून उभ्या राहिलेल्या फौजदाराला पाहून मला तेव्हाही हसता हसता त्याची कीव आली होती. आज ह्या वयातही येते. एवढी मारामारी, भिंती कोसळतात, माणसं खिडकीतून बाहेर पडतात, आणि कोणाला खरचटत नाही. सगळे उठतात, कपडे झटकतात, पुन्हा पळायला लागतात. शंभर वर्षं झाली असतील ते रीळ निघून. ती माणसं कधीच मेली, पण अजून पळतायत.

आपण मागून पाहिला म्हणून आपला फौजदार डावखुरा. तुला त्याचं केवढं कौतुक. शाळेत गुरुजी तुझ्या डाव्या हातावर छडी मारायचे, घरी आबा जेवताना तो हात पाठीशी धरायला लावायचे, आणि इथं एवढा मोठा सरकारी माणूस खुशाल डाव्या हातानं दंडुका चालवतो. गावात आल्यावर तू सगळ्यांना सांगत सुटलास. मग आपला खेळ सुरू झाला. तू फौजदार, मी शिडीवाला. केळीच्या घडाला लावायच्या टेकूचा बांबू हा तुझा दंडुका. तू डाव्या हातानं उगारायचास आणि मी अनवाणी पायाला बंद बांधायला वाकायचो. कुठंही, शेतात, ओट्यावर, आबांच्या पाठीमागे. लग्नं झाली, पोरं झाली, तरी ते चालू होतं. तेजसच्या बारशाला तू हातात पळी घेऊन उगारलीस आणि मी पाहुण्यांच्या पंगतीत वाकलो, सगळ्यांना वाटलं माझी कंबर धरली. तुझी वहिनी बेबाबाई तेल घेऊन धावत आली होती.

आता बांधावरचं सांगतो. तुझ्याशी याबद्दल बोलणं झालेलंच नाही, कारण बोलायला आपल्याला वेळ कुठं मिळाला. तुला पोलिसांनी नेलं आणि मला जळगावच्या दवाखान्यात; जामीन झाल्यावर तू तसाच धुळ्याला मेव्हण्याकडे गेलास. वैशाखातलं ऊन, बाग पाण्यावाचून करपायला आलेली, विहीर दोघांत एक आणि वीज येते तेवढाच वेळ मोटार चालणार. पाळी तुझी होती आणि पाणी माझ्याकडे चाललेलं. व्हॉल्व्ह कोणी फिरवला ते मला आजही माहीत नाही. तू म्हणालास तेजसनं, मी म्हणालो पुनानं. मग दोघांनी एकमेकांचं काढायचं ते काढलं, आईबापापासून बायकापोरांपर्यंत. भाऊबंदकीत जे होतं ते. आणि तू बांधावरचा टेकू उचललास. डाव्या हातात.

मी वाकलो. आता तू काहीही म्हण, पण मी भिऊन वाकलो नाही. पायात रबरी चप्पल, तिला कसला आलाय बंद. तुझा डावा हात वर गेला आणि माझी कंबर आपोआप खाली गेली, इतक्या वर्षांची सवय. वाकता वाकता मी वर पाहिलं. हसू यायच्या आधी माणसाचं तोंड जसं सैल पडतं तसं तुझं तोंड सैल पडलेलं मी पाहिलं, प्रेम्या. तुलाही आठवलं होतं. पण टेकू निघाला होता. तो खांद्यावर यायचा होता आणि खांद्याच्या जागी मी डोकं आणून ठेवलेलं. पोलिसांच्या कागदात लिहिलंय की तू डोकं हेरून मारलंस, जीव घ्यायच्या हेतूनं. ते खोटं आहे. तू मारलंस हे खरं, आणि एवढा जाड बांबू सख्ख्या भावावर उगारणाऱ्याला मी काय म्हणायचं ते मनातल्या मनात रोज म्हणतो. पण डोकं हेरलं नव्हतंस. तारीख लागेल तेव्हा कोर्टात मी हेच सांगणार. तुझ्यावर उपकार म्हणून नव्हे. झालं तसं सांगायचं, एवढंच.

मी ऐकलेला शेवटचा आवाज म्हणजे काहीतरी तडकल्याचा. बांबू की माझं हाड, कोण जाणे. डावा कान लहानपणी फुटला तो फुटलाच, हे तुझ्याइतकं कोणाला माहीत? रस्त्यानं चालताना तू नेहमी माझ्या उजव्या अंगाला यायचास, मला ऐकू यावं म्हणून. त्याच अंगाचा कान तू घेतलास. डॉक्टरनं कागदावर लिहून दिलं, कानामागचं हाड फुटलंय, आतली नस गेली, मशीन लावून उपयोग नाही. दवाखान्यात तुझी रूपाली आली होती. खाटेशी उभी राहून खूप वेळ बोलली. एक अक्षर ऐकू आलं नाही, पण तिच्या अहिराणीतलं ‘शे, शे’, म्हणजे आपलं ‘आहे, आहे’, मला ओठांवरून ओळखू आलं आणि त्या माउलीकडे बघून मलाच रडू फुटलं. मग तुझी वहिनी आत आली आणि तिनं आपल्या धाकट्या जावेला दंडाला धरून बाहेर काढलं. झिंज्या धरायच्याच बाकी ठेवल्या. जाताना रूपालीच्या हातातला डबा सांडला आणि वरणभातावरून लोक ये-जा करत राहिले.

घरी आल्यावर मला कळलं की बहिरेपण म्हणजे नुसतं ऐकू न येणं नाही, घरातली माणसं काचेपलीकडं जातात. टीव्हीत माणसं तोंडं हलवतात, बायका डोळे मोठे करतात, बातम्या देणारा हात आपटतो, आणि आपण खुळ्यासारखं बघायचं. एकदा मी रिमोट टीव्हीवरच फेकला. काच तडकली नाही, पण बेबाबाई दचकली आणि तिचं तोंड उघडलं ते मिटेना. त्या दिवशी तेजस माझ्यापाशी येऊन बसला. मोबाईलवर मोठ्या अक्षरांत लिहून विचारलं, काय पाहायचं तुम्हाला नाना. मी त्याला आपला सिनेमा सांगितला. माझा आवाज वर जातो की खाली हेही मला कळत नाही, ओरडूनच सांगितला असेल. शिडी, खळीची बादली, पोटाळ पोलीस, बुटाचा बंद. नाव माहीत नाही, नट माहीत नाही. त्या पोरानं काम सोडून शोधला रे. दुपारच्या जेवणाला बसला तरी एका हातानं शोधायचा. कित्येक काटकुळी माणसं आणून दाखवली मला, हा का, हा का. आणि एक दिवस खरंच तो आला. शिडी भलत्याच खांद्यावर पाहून मी आधी नाही म्हणालो, मग लक्षात आलं की आपण पाठीमागून पाहिलं होतं. तुझा फौजदार उजव्या हाताचा निघाला, प्रेम्या. मला उगाच वाईट वाटलं.

काय सांगू, त्या दिवशी मी माणसात आलो. जगात एक तरी सिनेमा असा होता ज्यात मला बाकीच्यांपेक्षा काही कमी पडत नव्हतं. तेजस, त्याची आई, मी, तिघांना सारखंच दिसत होतं आणि तिघांनाही ऐकू येत नव्हतं. बेबाबाई पदर तोंडात कोंबून हसली. मी हसलो तर तेजस माझ्याकडे बघायला लागला आणि त्याचे डोळे भरले. मग रोज तो टीव्हीवर लावायचा. कुंभारखेड्याची पाहुणी आली तिलाही दाखवला. शेजारची चारपाच माणसं यायला लागली, हातातली कामं टाकून. फौजदार बादली धरून उभा राहिला की सगळं घर हलायचं, पायाखालच्या फरशीतून मला हसणं कळायचं.

आणि एका संध्याकाळी मी माती खाल्ली. मला वाटलं, पोराच्या मनातला काकावरचा राग उतरवायला याहून चांगली वेळ नाही. बंद बांधायचं आलं तिथं मी त्याला थांबवायला लावलं आणि सगळं सांगितलं. आपला खेळ, तुझा डावा हात, बांधावर माझं वाकणं, तुझं सैल पडलेलं तोंड. म्हटलं, तुझ्या काकानं खांदा हेरला होता, माझ्याच सवयीनं घात केला. तेजस ऐकून घेत होता. मग त्यानं मोबाईल उचलला आणि सावकाश लिहून माझ्यापुढं धरला: ‘म्हनजे तुम्ही भरोशानं वाकले, अन् त्यानं तरी हानलं.’ बस, एवढंच. माझ्या डोक्यात हे कधी आलंच नव्हतं. मी तुझं तोंड पाहिलं होतं, त्यानं पाहिलं नव्हतं, आणि ते तोंड मी त्याला कोणत्या शब्दांत दाखवू? तो उठून गेला. पडद्यावर फौजदाराचा हात तसाच वर राहिला, बेबाबाईला बंद करता येईना.

दुसऱ्या दिवशी उजाडता पुना दारात. स्वतःच्या तोंडात मारून घेत होता. त्याच्या मागे मी तुझ्या बागेत गेलो. तुला फोटो मिळाले असतील, पण फोटोत काही कळत नाही. निसवलेली बाग, पानापानात घड, आणि ती सबंध आडवी. ठिबकच्या नळ्यांचे तुकडे तुकडे, पाणी कुठंही उडतंय, आणि चिकाचा तो वास, घशाशी येणारा. गावातले लोक बांधावर उभे राहून बघत होते. आपल्याकडे बाग कापणारा सापडत नाही, कारण चिकाचे डाग सगळ्यांच्याच सदऱ्यावर. पण मला कोणी सांगायची गरज नव्हती. मी ओळींतून चाललो. पहिल्या ओळीत खोडाला आधी अर्धा घाव घातलेला, घड हलकेच खाली यावा म्हणून, आणि तो पानावर निजवल्यासारखा ठेवलेला. कापायला आलेला माणूस, पण हात शेतकऱ्याचा. तो घाव मीच तेजसला शिकवलाय, माझ्या हाताखाली शिकलाय तो. दोनचार ओळी तसंच. मग अर्धा घाव गेला. मग घड नुसतेच कोसळलेले, फण्या फुटून इकडेतिकडे. आणि शेवटच्या ओळींत खोडाला हातच लावला नव्हता. घाव घडावर होते. कोवळ्या केळ्यांवर, केळफुलांच्या कमळांवर, मिळेल तिथं. एका झाडावर इतके की ते कसलं झाड हे ओळखू येत नव्हतं. पुनानं मला धरून बांधावर बसवलं.

घरी आल्यावर मी तेजसला मारलं. एवढा मोठा झाल्यावर पहिल्यांदाच. थोबाडीत, पाठीत, पायातली वहाण काढून. तो हात मागे घेऊन उभा राहिला, मान खाली, जसा लहानपणी राहायचा. बेबाबाई मधे पडली तर तिलाही एक बसली. मी दमून खाली बसलो तेव्हा त्यानं मला पाणी आणून दिलं. मी प्यायलो. मग त्यानं मोबाईलवर लिहून दाखवलं: ‘बाग झाली. मानूस बाकी आहे.’ आणि ते पुसून टाकून खिशात ठेवला.

तेव्हापासून तो घरात माझ्याशी कधी नव्हे इतका चांगला वागतो, प्रेम्या, आणि त्याचीच मला भीती वाटते. दाढी करायला गरम पाणी देतो, औषधाची वेळ चुकू देत नाही. सिनेमा लावायला सांगितलं तर लावतो, पण बघत नाही, दाराकडे बघत बसतो. गोठ्यातला कोयता मी कडब्याखाली लपवला. दुसऱ्या दिवशी नवा आला, मोटारसायकलच्या सीटखाली मी तो पाहिला. ठिबकचं सामान आणतो म्हणून भुसावळला जातो म्हणे. पुनाच्या जावयानं त्याला धुळ्यात पाहिलंय, तुझ्या मेव्हण्याच्या गल्लीच्या तोंडाशी जी चहाची टपरी आहे तिथं. एकदा नाही. तू सकाळी दुधाला कोणत्या बाजूनं जातोस हे त्याला आता माहीत असणार. मेव्हण्याला सांग आणि दूध त्याला आणायला लाव.

चुडामणमामा परवा येऊन गेले. तुझा निरोप त्यांनी पाटीवर लिहून दिला. तू म्हणतोस, बागेच्या फिर्यादीत मी ‘अज्ञात इसम’च लिहिलंय, तेजसचं नाव घेतलं नाही आणि घेणारही नाही, भावाचं पोर आहे, त्याचा राग त्यानं काढला, माझं पाप फिटलं. मामांना फार बरं वाटलं. पाटीवर लिहिलं, आता दोन्ही घरं निवांत. बेबाबाईनं तर इतक्या महिन्यांत पहिल्यांदा तुझं नाव नीट घेतलं म्हणे, मामांनी तेही लिहून दाखवलं. मी मान डोलावली, चहा दिला, त्यांना गाडीत बसवून आलो. पाप असं फिटत नसतं, शहाण्या. तुझंही नाही आणि त्याचंही नाही. आणि तू त्या ओळी पाहिल्या नाहीस. मी पाहिल्या. तो हात कुठपर्यंत गेलाय ते मला माहीत आहे आणि तिथून तो आपोआप मागे येणार नाही. मी समजावलं, पाया पडलो, आईची शपथ घातली. तो मान डोलावतो, जशी मी मामांपुढं डोलावली.

परवा मामा गेल्यावर मी पोलीस ठाण्यात जाऊन आलो. बेबाबाईला सांगितलं नाही. तिथल्या माणसानं कागदावर लिहून दिलं की बाग तुमची नाही, फिर्यादी तुमचा भाऊ आहे, नाव त्यानं सांगायला हवं. म्हणून हे पत्र लिहितोय. पोराचं नाव घेऊ नकोस म्हणून कोणताही बाप तुझे पाय धरेल, मी त्याचं नाव घे म्हणून धरतोय. मी बहिरा आहे, प्रेम्या. तो कधी उठतो, कडी कधी काढतो, गाडी कधी सुरू करतो, मला काही कळत नाही. म्हणून मी दारात आडवा झोपतो, त्याला मला ओलांडावं लागेल म्हणून. काल सकाळी जाग आली तेव्हा माझ्या अंगावर चादर घातलेली होती, डोक्याखाली उशी सरकवलेली होती, आणि अंगणात मोटारसायकल नव्हती. दिवस मावळेपर्यंत मी उंबऱ्यावर बसून होतो. तो आला, म्हणून आज तुला हे लिहिता आलं. बाग कापल्याबद्दल तो आत गेला तर काही महिन्यांनी, फार तर वर्षादोन वर्षांनी बाहेर येईल, आणि तू जिवंत असशील, आणि त्याच्या हाताला फक्त केळीचा चीक लागलेला असेल. पत्र वाचून उठ आणि पुनाला सोबत घेऊन पोलीस ठाण्यात जा. नाव तेजस निंबा, वय, पत्ता, सगळं नीट लिहून दे. साक्षीदार कोण विचारतील. माझं नाव सांग, मी येतो.

तुझाच भाऊ,
निंबा